उमलते वय आणि ऐकणारे घर

गेल्या माघ महिन्यात काही कामानिमित्त आम्हांस कन्नौदला जाण्याचा योग आला. इंदूरहून बैतुलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. चापडा मागे पडले आणि घाट उतरला की दोन्ही अंगांस गव्हाची व हरभऱ्याची शेते लागतात. पुढे खातेगाव आणि त्याहीपुढे नेमावरास नर्मदेचा विस्तीर्ण प्रवाह. होळकर-पवारांच्या अमदानीपासून माळव्यात जी मराठी घराणी स्थायिक झाली, त्यांपैकीच एका घरी आमचा मुक्काम होता. घरात मराठी, अंगणात माळवी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषा तेथे सुखाने नांदत होत्या.

परंतु त्या घरातील एक जीव तिन्ही भाषांत मुका झाला होता. तो म्हणजे दहावीत शिकणारा नातू.

"दोन महिने झाले, हा धड बोलत नाही," आजी आम्हांस म्हणाल्या. "जेवायला बोलावले तर भूक नाही म्हणतो. काही विचारले तर दार आपटतो."

"दार आपटायला अंगात बळ आहे ना? मग काही झालेले नाही त्याला," वडील म्हणाले. "मोबाइल काढून घेतला की येईल ताळ्यावर."

आई काहीच बोलली नाही. मुलाच्या ताटावर झाकण ठेवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलीत बसल्या होत्या. मुलगा बाहेर आला, घोटाळला आणि त्यांच्या शेजारी टेकला. आजींनी काही विचारले नाही. घाट्यांचा अर्धा ढीग तेवढा त्याच्याकडे सरकविला. अर्धा तास दोघे सोलीत होते. मग मान वर न करता मुलगा बोलू लागला. सहामाही परीक्षेत तो गणितात व इंग्रजीत नापास झाला होता. गुणपत्रिकेवर वडिलांची सही त्याने आपल्याच हाताने केली होती. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि ती खोटी सही रोज रात्री त्याच्या उशाशी येऊन बसत होती.

आजींचा हात थांबला नाही. त्या इतकेच म्हणाल्या, "बरं. आणखी काय?"

त्या मुलाची व घरच्यांची अनुमती घेऊन आणि घर ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलून हा प्रसंग आम्ही येथे सांगत आहोत. कारण दोन महिने विचारून जे कळले नाही, ते अर्ध्या तासात न विचारता कळले. हे कसे घडले, आणि आपापल्या घरी आपणांस त्यातून काय घेता येईल, हाच या लेखाचा विषय आहे.

बैल दांडगे, कासरा कच्चा

तेरा ते एकोणीस ही वर्षे शरीराच्या वाढीची, तशीच मेंदूच्या नव्या घडणीचीही असतात. भय, राग, आनंद, ओढ यांना चेतविणारा मेंदूचा भाग या वयात चांगलाच जागा झालेला असतो. पण थांब, विचार कर, परिणाम पाहा असे सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच राहतो. शेतकऱ्याच्या घरी हे समजाविणे कठीण नाही. गाडीस नवे दांडगे बैल जुंपले आहेत आणि कासरा अजून पुरता वळलेला नाही. गाडी उधळली तर बैलांस चाबूक मारून काय साधणार? कासरा पक्का होईपर्यंत गाडीशेजारून कोणीतरी चालावयास हवे.

त्यातच या वयात झोपेचे घड्याळ पुढे सरकते. रात्री लवकर डोळा लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. आपण यास आळस म्हणतो; वास्तविक तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज आठ ते दहा तास झोपेची गरज असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. अपुरी झोप, परीक्षेचा धाक, सोबत्यांची थट्टा, अंगात होणाऱ्या बदलांचा संकोच आणि भरीस भर म्हणून हातातील मोबाइलवर अहोरात्र दिसणारे दुसऱ्यांचे हसरे चेहरे! इतके ओझे घेऊन चालणारे मूल अडखळले तर नवल ते कोणते?

बहुतेक मुले अडखळतात आणि सावरतात. काहींना मात्र खरोखरीचे आजारपण येते. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. तीनशे मुलांच्या शाळेत अशी वीस-बावीस मुले असावयाची. ती आपल्याच शेजारच्या बाकावर, आपल्याच पंगतीत असतात. आणि त्यांतील बहुतेकांना कोणी नीट विचारलेलेही नसते.

देवासने शिकविलेला धडा

कन्नौद ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या मुख्य नगरात ३० जानेवारी १९४८ रोजी तेवीस वर्षांचा एक तरुण गवई उतरला. त्याचे नाव शिवपुत्र कोमकली. पण संगीतप्रेमी महाराष्ट्र त्यास कुमार गंधर्व या नावानेच ओळखत होता. लहानपणीच अलौकिक गायक म्हणून ज्याचा बोलबाला झाला, त्याच्या फुप्फुसांस क्षयाने ग्रासले होते. गाणे बंद करा, असे डॉक्टरांनी बजावले. गवयास गाऊ नको म्हणणे म्हणजे मासोळीस पोहू नको म्हणण्यासारखेच होय. जवळजवळ पाच वर्षे तो आवाज बंद राहिला.

त्या काळात कुमारजींनी काय केले? त्यांनी ऐकले. देवासच्या टेकडीच्या परिसरात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते येत. स्त्रियांची सणावाराची गाणी, वाटेने जाणाऱ्या भजनीकांची पदे, मधूनच पक्ष्यांचे बोल. ते ऐकत राहिले, मनात साठवीत राहिले. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध लागू पडले. पुढे ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्या गाण्यात माळव्याची माती मिसळलेली होती. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर देवास सोडून ते कोठे गेले नाहीत.

कुमारजींचे दुखणे देहाचे होते, आणि ते काही किशोरवयीन नव्हते, हे आम्ही जाणतो. तरीही या कथेतील तीन गोष्टी आमच्या विषयास अगदी लागू आहेत. एक, औषध वेळेवर मिळाले. दोन, शेजारी बसणारे माणूस होते. तीन, बंद पडलेल्या आवाजावर कोणी जबरदस्ती केली नाही. तो परत येण्यापूर्वी त्यास ऐकण्याचा व विसाव्याचा अवधी मिळाला. मुक्या झालेल्या मुलासही नेमके हेच हवे असते.

माणूस मोठा की उपक्रम?

मुलांच्या मनासाठी शाळेत अमुक उपक्रम करावा, तमुक खेळ घ्यावा, असे आज पुष्कळ सांगितले जाते. पण कोणता उपक्रम खरोखर गुणकारी, याची कसोटी कोणी पाहिली आहे काय? पाहिली आहे; आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यातील संस्थेने. मनाच्या आरोग्यासाठी झटणारी 'संगाथ' ही संस्था १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झाली. तिने बिहार राज्यातील नालंदा जिल्ह्यात २०१५ मध्ये 'सेहेर' नावाचा एक प्रयोग हाती घेतला.

सुमारे पाऊणशे सरकारी माध्यमिक शाळा निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने तीन गट पाडण्यात आले. एका गटातील प्रत्येक शाळेत एक 'सेहेर मित्र' नेमला. हे मित्र मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. साधी माणसे निवडून त्यांस शिक्षण देण्यात आले होते. दुसऱ्या गटात तेच सर्व उपक्रम शाळेतील शिक्षकांनी चालवावयाचे होते. तिसऱ्या गटात नेहमीचा सरकारी कार्यक्रम तेवढा चालू राहिला. उपक्रम म्हणावे तर अगदी साधे होते: प्रार्थनेच्या वेळी चार शब्द, भित्तिपत्रक, मुलांनी आपले गाऱ्हाणे लिहून टाकण्याची एक पेटी, स्पर्धा, वर्गातील चर्चा, आणि ज्यास हवे त्यास एकांतात बोलण्याची सोय.

आठ महिन्यांनी नववीच्या मुलांची पाहणी झाली. जेथे मित्र होता, तेथे मुलांस शाळा अधिक आपली वाटू लागली होती. उदासीनतेची लक्षणे कमी झाली होती. दांडगाई व मारामारीही घटली होती. जेथे तेच उपक्रम शिक्षकांनी चालविले, तेथे असा फरक दिसून आला नाही. २०१८ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यावरून शिक्षकांस दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम, परीक्षा आणि शंभर सरकारी कामे असतात. शिवाय जो गुण देतो, त्याच्यापाशी आपले उणे उघड करावयास कोणते मूल धजेल? आम्ही त्यातून घेतलेला बोध एवढाच की, पेटी तीच, भित्तिपत्रक तेच. पण ज्यास वेळ आहे व ज्याच्या हाती छडी नाही, असा माणूस त्यामागे उभा राहिला तेव्हा ती पेटी बोलू लागली. कन्नौदच्या ओसरीवर आजींनी जे केले, ते याहून निराळे नव्हते.

घरी करता येण्याजोगे

आता प्रत्यक्षात काय करावे ते पाहू. पुढील गोष्टींस पैसा लागत नाही. वेळ मात्र लागतो.

पहिली गोष्ट, हाताचे काम मुलांच्या सोबतीने करावे. शेंगा सोलणे, दोर वळणे, रोपे लावणे, सायकल पुसणे, पोळ्या लाटणे, काहीही चालेल. समोर बसवून "सांग, काय झाले?" असे विचारले की मूल आरोपीसारखे गप्प होते. शेजारी बसले, नजरेला नजर भिडली नाही आणि हात गुंतलेले असले, की शब्दांस वाट मिळते. शिवाय मन खचलेले असता एखादे लहानसे काम हातून पुरे होणे हीच एक मात्रा असते. उदास माणसास छोटी छोटी कामे ठरवून देणे व ती करवून घेणे ही आज मानसोपचारातील मान्य रीत आहे. काम करताना मात्र उपदेश नको. "आम्ही तुझ्या वयाचे असताना" हे शब्द तोंडावर आले तर ते गिळावेत.

दुसरी गोष्ट गाण्याची. माळव्यात पितृपक्षाच्या सोळा दिवसांत मुली भिंतीवर शेणाची 'संजा' काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवितात, रोज नवी आकृती, शेवटी 'किलाकोट'. आणि रोज सायंकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. महाराष्ट्रात भोंडला, हादगा, भुलाबाई हे त्याच जातीचे खेळ. या गाण्यांतून सासर-माहेर, राग-रुसवा, थट्टा, विरह सारे काही येते. जे आईस सांगता येत नाही ते मैत्रिणींच्या कड्यात गाता येते. जात्यावरच्या ओव्यांनी आपल्या आज्यांचे दुःख असेच हलके केले. आपल्या गावातील गायनवृंद, वाद्यवृंद, नाटकाची तालीम यांकडे आपण समारंभाची तयारी म्हणून पाहतो; मुलांच्या दृष्टीने ती मन मोकळे करण्याची जागाही आहे. आवाज चांगला नाही म्हणून एखाद्या मुलास तेथून परत पाठवू नये, एवढीच आमची विनंती.

तिसरी गोष्ट लिहिण्याची व चित्रे काढण्याची. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांस सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनास सलणाऱ्या घटनेविषयी लिहावयास सांगितले. इतरांस साध्यासुध्या विषयांवर लिहावयास सांगितले. घटना व तिच्याविषयीच्या भावना या दोहोंविषयी ज्यांनी लिहिले, त्यांस पुढील महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पुढे झालेल्या अनेक प्रयोगांत हा गुण थोडाच व सर्वांस सारखा नाही, असे आढळले; तरी तो आहे. आपल्याकडे भोपाळहून 'एकलव्य' ही संस्था १९८५ पासून 'चकमक' हे मुलांचे हिंदी मासिक काढते. देवासलाही या संस्थेने पुष्कळ काम केले आहे. त्या मासिकात मुलांचे स्वतःचे लेखन व चित्रे छापली जातात. आपले म्हणणे कोणी छापण्याइतके मोलाचे मानते, हे कळले की मुलाची पाठ ताठ होते. घरी एक साधी वही पुरे. मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे: मुलाची वही मागितल्याखेरीज वाचू नये. चोरून वाचलेली वही पुन्हा कधी लिहिली जात नाही.

चौथी गोष्ट श्वासाची. राग किंवा धास्ती चढली की श्वास उथळ होतो व छाती धडधडते. मनास आज्ञा करून ते शांत होत नाही. पण श्वास आपल्या हाती आहे. चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणेच मंदावते. म्हणून सोडणे लांबविले की देह निवतो. पाच मिनिटे हे करावे. मूल शांत असताना त्याची सवय लावावी, म्हणजे वादळात ते आठवेल. मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये आनंद विभाग निर्माण केला. त्याच्या आनंद संस्थानाचा 'अल्पविराम' हा उपक्रम याच दिशेचा आहे. थोडा वेळ थांबावे, गप्प बसावे आणि आपल्या आत डोकावून पाहावे. आपल्या घरी सायंप्रार्थना आटोपल्यावर लगेच उठून टीव्ही लावण्याऐवजी दोन मिनिटे सर्वांनी असेच शांत बसावयास काय हरकत आहे?

पाचवी गोष्ट अंगमेहनतीची. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, विहिरीत पोहणे, काहीही. परीक्षा जवळ आली की आपण प्रथम खेळ बंद करतो; हे म्हणजे चढ लागला म्हणून बैलाचा चारा तोडण्यासारखे आहे. मुलींस तर दहाव्या-अकराव्या वर्षापासूनच अंगणाबाहेर पडू देत नाहीत. त्यांच्या मनाचे आभाळही मग तेवढेच राहते.

सहावी गोष्ट, भावनेस नाव देणे आणि अडचणीचे तुकडे पाडणे. "मला राग आला" एवढे म्हणता येणे हीसुद्धा एक पायरी आहे. कारण रागाखाली बहुधा भीती किंवा लाज दडलेली असते. कन्नौदच्या मुलाने दार आपटले ते रागाने नव्हे, लाजेने. एकदा नाव सापडले की पुढे तीन प्रश्न विचारावे: अडचण नेमकी कोणती? तिच्यावर कोणकोणते उपाय संभवतात? त्यांतील कोणता आज करून पाहावयाचा? वर सांगितलेल्या गोव्याच्या संस्थेने पुढे दिल्लीच्या शाळांत मुलांस याच तीन पायऱ्या शिकविल्या. उपाय मुलास सुचू द्यावेत, वेडेवाकडे असले तरी लिहून काढावेत आणि निवड त्याची त्यास करू द्यावी. फसला तर दुसरा आहेच.

घरचे उपाय जेथे पुरत नाहीत

येथवर जे सांगितले त्याने मनास टेकू मिळतो. प्रत्येक आजार बरा होतो असे नाही. मोडलेल्या हाडास आपण हळद लावून स्वस्थ बसत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल खिन्न राहिले, झोप व भूक पार बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, अभ्यास एकाएकी ढासळला, व्यसन जडले, कानी आवाज येऊ लागले, स्वतःस इजा करण्याची अथवा मरणाची भाषा तोंडी आली, तर डॉक्टरांस गाठावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला आहे. जिल्हा रुग्णालयात याविषयी चौकशी करावी. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहेच. भगत व देवऋषी यांच्या दारी महिने घालविणे म्हणजे रोगास मुळे रुजवू देणे होय. प्रार्थना अवश्य करावी. पण कुमारजींचा क्षय औषधानेही बरा झाला, हे विसरू नये.

मरणाविषयी मुलास विचारावे की विचारू नये, अशी शंका पुष्कळ पालकांस पडते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. "जगणे नको असे तुला वाटते का?" असे मायेने, स्पष्टपणे विचारल्यास मुलास हायसेच वाटते. होकार आला तर त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. पोलिसांच्या भयाने प्रकरण झाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे. तिला शिक्षा नव्हे, शुश्रूषा मिळावी असा त्याचा रोख आहे.

शेतकरी कुटुंबांस आणखी एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. पिकावर फवारावयाची औषधे घरात उघड्यावर ठेवू नका. ती कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसापाशी असू द्या. या वयातील निराशेची लाट पुष्कळदा अचानक उसळते आणि तशीच ओसरते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. एका साध्या कुलपाचे मोल यावरून ध्यानी यावे.

परीक्षेविषयीही दोन शब्द. नापास होणे म्हणजे सर्वस्व बुडणे नव्हे, हे मुलांस निकालाच्या दिवशी सांगून पटत नाही. ते आधीपासून सांगावे लागते, आणि आपल्यास पटलेले असावे लागते. मध्य प्रदेशात नापास विद्यार्थ्यांस त्याच वर्षी पुन्हा संधी देणारी 'रुक जाना नहीं' ही योजना २०१६ मध्ये आली, आणि २०२५ पासून राज्याचे मंडळच दुसरी परीक्षा घेऊ लागले. सरकारनेसुद्धा दार उघडे ठेवले आहे. मग आपण आपल्या घराचे का लावून घ्यावे?

"बरं. आणखी काय?"

कन्नौदच्या ओसरीवर पुन्हा जाऊ. मुलाचे बोलणे चालले असतानाच वडील शेतावरून आले. उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी शेवटचा भाग ऐकला. त्यांचा चेहरा लाल झाला, हात उचलला गेला. आजींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आधी ऐकून घे. मग हवे ते बोल."

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग पायातील चपला काढून ओसरीवर बसले आणि मूठभर घाटे त्यांनी आपल्या पुढ्यात ओढले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. सोलाण्यांची परात भरत आली, तेव्हा त्यांनी मुलाकडे न पाहताच विचारले, "गणितात नेमके कुठे अडते?"

दुसऱ्या दिवशी पितापुत्र दोघे शाळेत गेले आणि खोट्या सहीची हकिकत मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितली. गुरुजी रागावले, आणि रागावणे योग्यच होते. पण त्या रात्री ताटावर झाकण ठेवण्याची पाळी आईवर आली नाही.

मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला की नाही, हे आम्ही मुद्दामच सांगत नाही. कारण या लेखाचा निकाल त्यावर अवलंबून नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, आपल्या घरातील जे मूल आज दार आपटीत आहे, त्याच्याशेजारी या आठवड्यात अर्धा तास काही काम घेऊन बसावे. ते बोलले नाही तरी उठू नये. आणि ज्या दिवशी ते बोलेल, त्या दिवशी आपला हात व आपला निवाडा दोन्ही आवरून इतकेच म्हणावे: "बरं. आणखी काय?"